उलटं फिरणारं चाक

नेपियर टाउनमध्ये आज एका गॅरेजसमोर गियर ऑइलचा वास आला आणि मला पाटनचं आमचं अंगण दिसलं.

आईला न विचारता बाबांनी जुनी पिकअप घेतली होती, म्हणून घरात अबोला होता. त्या दुपारी बाबांनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि आईला हाक मारली.

"मी हे चाक फिरवतो. तिकडचं कुठे फिरून राहिलं, सांग जरा."

ऊन अंगावर घेत चाक संथ फिरू लागलं.

"उलटं," आई म्हणाली.

"म्हणजे डिफरन्शियल साधंच आहे. एक चाक चिखलात फसलं, की दुसरं ओढणार नाही."

"मग चिखलात नेता काहून?" आई हसली.

चाकं कितीतरी वेळ फिरत राहिली. आता वाटतं, जरा वाकले असते तर बाबांना ते स्वतःलाच दिसलं असतं.