खेळणाऱ्या मुलांचं चित्र

इथे आखातात, गाला भागातला आमचा फ्रेमवाला मूळचा रत्नागिरीकडचा. बोलताना मध्येच थांबतो, जणू पुढचा शब्दही मापून कापायचाय. काच बसवण्याआधी तिच्यावर फुंकर घालतो, तीही इतकी हलकी की झोपलेल्याला जाग येऊ नये.

बायकोला दिवस गेले तेव्हा ऑफिसातल्या चिनी मित्राने खेळणाऱ्या मुलांचं चित्र दिलं. त्यांच्याकडे ते घरात लावणं शुभ मानतात. कशासाठी ते सांगून मी ते त्या फ्रेमवाल्याकडे टाकलं. पुढच्याच आठवड्यात पोटातलं बाळ गेलं आणि चित्र मी विसरूनच गेलो.

एका दुपारी ते घेऊन तोच दार्सैत भागातल्या आमच्या घराच्या दारात उभा राहिला. बायकोचा चेहरा बघून त्याला कळलं. त्याने चित्र उलटं करून छातीशी धरलं.

"वहिनी, परत नेतो. दुकानात... सांभाळून ठेवतो."

तिने ते हातात घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. पतंग उडवणारी, लाकडी घोडा ओढणारी, झाडामागे लपलेली गुबगुबीत मुलं.

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "खेळतायत ती."

तो चपला काढून आत आला. खिळा ठोकताना आवाज होऊ नये म्हणून त्याने हातोडीला आपला रुमाल गुंडाळला.