निवू दे आधी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही. छातीत कळ आली सकाळी आणि हा माणूस गाडीत बसायला तयार झाला दुपारी. मधला सगळा वेळ आक्का, माझी थोरली बहीण, विनवत होती आणि हे म्हणत होते, "थांब जरा. निवंल."

पुणतांब्याजवळच्या एका शाळेत दाजी विज्ञान शिकवायचे. थांबणं हा त्यांचा धर्मच. त्यांच्याकडे सरबत मागावं आणि घसा कोरडा करून बसावं. गार पाण्यात साखर ढवळलेली त्यांना खपायची नाही. "तळाशी बसती ती. गरम पाण्यात जास्त मावती." मग पाणी तापणार, साखर विरघळणार, आणि ते निवेपर्यंत आम्ही चहा पिऊन उठणार...

गावच्या सप्ताहात काल्याच्या प्रसादाला खडीसाखर मात्र त्यांच्याच घरची. उकळत्या पाण्यात मावेल तेवढी साखर विरघळवायची, पातेल्यात दोरे सोडायचे आणि फडताळात ठेवून द्यायचं. पाणी निवत जातं तशी त्याला तेवढी साखर पेलवत नाही; जास्तीची हळूहळू दोऱ्याला येऊन बसते. घाई केली किंवा धक्का लागला की खड्यांऐवजी नुसती कणी. "फ्रीजमध्ये ठेवा की, लवकर होईल," मी एकदा म्हणालो. "मग कणीच खा, पाव्हणं," दाजी म्हणाले.

त्या दिवशीही फडताळात पातेलं होतं. शेजाऱ्यांची गाडी दाराशी आली, तर छाती धरून उंबऱ्यात थांबले आणि आक्काला म्हणाले, "दार हळू लाव. पातेलं हाय आत." तेच त्यांचं शेवटचं बोलणं. अहो दाजी, साखरेसाठी थांबावं लागतं, छातीसाठी नाही. गावातली निम्मी पोरं शिकवलीत, पण एवढं साधं तुम्हाला कुणी शिकवायचं?

परवा गेलो तो पातेलं मोरीत ओतायचंच, असं ठरवून. फडताळ उघडलं. दोऱ्यांना बोराएवढे खडे धरले होते. इतके मोठे कधीच झाले नव्हते... इतके दिवस कुणी हातच लावला नव्हता ना.

"काल्याला येळ हाय अजून," आक्का मागून म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

मला ओरडायचं होतं. काहीतरी आपटायचं होतं. फडताळाचं दार मी हळू लावलं.