पाठराखण

शिलाईवाल्या काकूंनी उभ्या आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. नवरा गेला तेव्हा लेक अजून शाळेतही जायला लागला नव्हता. भाऊ म्हणाला, "आमच्याकडे येऊन राहा." काकू म्हणाल्या, "येईन, पण पाहुणी म्हणून." आणि त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात कामाला लागल्या. तिथली मशीन जाड कापडाची, आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं जो तो म्हणायचा. काकूंनी त्याकडे काणाडोळा केला आणि सरळ टीप मारत राहिल्या. टॅक्सी, ट्रक, शाळेच्या बस, एकदा तर लग्नाची सजवायची गाडी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांनी शिवलेलं कव्हर उसवून परत आलं, असं कधी झालं नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगताना मुळीच लाजायच्या नाहीत.

मालक थकला, दुकान बंद झालं. जाताना त्याने एक मशीन आणि उरलेल्या कापडाचे गठ्ठे काकूंच्या घरी पाठवून दिले. काकू घरी बसल्या खऱ्या, पण बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. लेक लिफ्टची दुरुस्ती करायचा, सून दातांच्या दवाखान्यात बसायची. दोघं सकाळी बाहेर पडली की घर खायला उठायचं. मग काकूंनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या.

जुन्या कपाटाच्या फळ्या आणि तारेची जाळी वापरून लेकाने खुराडं ठोकून दिलं. कोंबड्या सात, कोंबडा एक. कोंबड्याला सगळे साहेब म्हणत, कारण तो अंगणात तपासणीला आल्यासारखा चालायचा. अंड्यातून निघाला तेव्हा त्याच्या आईने त्याला टोचून बाजूला काढलं होतं. काकूंनी त्याला चिंध्यांच्या टोपलीत ठेवून, हाताने भरवून वाढवलं होतं. कोंबड्यांची पिसं अशी चकचकीत की उन्हात बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून विचारायचा, "काय खायला घालता हो यांना?" काकू म्हणायच्या, "जे घालायचं तेच. पण लक्ष घालते." आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांच्याकडेही कोंबड्या होत्या, पण कुणी कुंपणापाशी थांबावं अशा नव्हत्या. हे त्यांना ठाऊक होतं आणि काकूंना ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी काकू खुराडं झाडत होत्या. त्यांची सगळ्यात मोठी कोंबडी, जिला त्या थोरली म्हणायच्या, दाणे टिपायला वाकली आणि काकूंचा झाडू हातातच राहिला. थोरलीच्या पाठीवर, दोन पंखांच्या मधोमध, तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. लालसर कातडी दिसत होती. त्यांनी बाकीच्यांना एकेक करून उचलून पाहिलं. आणखी दोघींची तीच गत, तिसरीची सुरुवात.

आधी त्यांना वाटलं, उवा असतील. त्यांनी खुराडं रिकामं करून उकळत्या पाण्याने धुतलं, फळ्यांच्या फटी घासल्या, कोंबड्यांना लोळायला मातीत राख मिसळून दिली. आठवडा गेला, दुसरा गेला. टक्कल वाढतच गेलं. आता मात्र काकूंनी कुंपणाला जुन्या कापडाचा पडदा लावला. "ऊन फार लागतं त्यांना," असं त्या सुनेला म्हणाल्या. सून पडद्याकडे बघत राहिली. अंगणाच्या त्या बाजूला ऊन येत नसे.

"आई, डॉक्टरांना बोलावू या," ती एवढंच म्हणाली.

"कोंबड्यांसाठी डॉक्टर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना पडद्यामागचं कुठे दिसतंय?"

काकूंच्या लक्षात आलं, सुनेने आपल्याला बरोबर ओळखलंय. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जनावरांची डॉक्टर स्कूटरवरून आली. तरुण होती, पण हात सवयीचा. तिने थोरलीला काखेत असं धरलं की थोरलीने चकार शब्द काढला नाही. पिसं बाजूला सारून कातडी पाहिली, शेपटीखाली पाहिलं, पायांचे खवले पाहिले.

"उवा नाहीत, काकू. तुम्ही केलेली सफाई दिसतेय. हे बघा, पिसं मुळातून गळलेली नाहीत, मोडलीत. दांड्याचे तुकडे आत तसेच आहेत." मग तिने अंगणात फेऱ्या मारणाऱ्या साहेबांकडे पाहिलं. "हे उद्योग यांचे. पाठीवर चढतो, नख्यांनी धरतो, चोचीने मानेची पिसं ओढतो. वजनदार आहे, आणि आवडत्या तीन-चारच दिसतात त्याच्या."

काकूंचा चेहरा पडला. "तो तसा नाही हो. हाताखाली वाढलाय माझ्या."

जेवायला घरी आलेला लेक दारातून म्हणाला, "मला नाही कधी असं पाठीशी घातलंस." सून हसू दाबत आत निघून गेली.

डॉक्टरने उपाय सांगितले. साहेबांच्या पायामागची टोकदार नखी कानशीने घासून बोथट करायची. त्याला अधूनमधून वेगळं ठेवायचं. दाण्यात मासळीचा चुरा घालायचा, कारण पिसं काही नुसत्या मक्यावर येत नाहीत. थोरलीच्या जखमेला जांभळं औषध लावायचं, नाहीतर लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. शेवटी जाता जाता ती म्हणाली, "काही ठिकाणी पाठीवर कापडाचं झापड बांधतात. मी चित्रात पाहिलंय. पण मला सुईत दोरासुद्धा नीट ओवता येत नाही, त्यामुळे कसं शिवतात ते विचारू नका."

ते काकूंनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "पंख नेमका कुठून हलतो? कुठे दाबलं तर तिला त्रास होईल?" डॉक्टरने हेल्मेट परत खाली ठेवलं. थोरलीचा पंख उलगडून सांधा दाखवला. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, कोंबडी तिथलं तेल चोचीने पिसांना लावते, ती झाकायची नाही, हे दाखवलं. काकूंनी स्वतःचं बोट तिथे ठेवून पाहिलं. इतकी वर्षं कोंबड्या पाळून ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती.

त्याच संध्याकाळी मशीनवरचं कापड निघालं. पहिलं झापड पोटाखालून नाडीने बांधलं. थोरली दोन पावलं चालली, आडवी झाली आणि पाय ताणून मेल्यासारखी पडून राहिली. काकू धावल्या. नाडी सोडताच ती उठून दाणे टिपायला लागली. "नाटकी," काकू म्हणाल्या. दुसऱ्या झापडाची नाडी सैल ठेवली, तर तिने त्यात पाय अडकवून घेतला. तिसरं कापड फार कडक झालं. लेक म्हणाला, "आई, ही कोंबडी आहे, टेम्पो नाही." तोवर काकूंना मर्म कळलं होतं. वरून सीटचं जाड कापड, आतून जुन्या चादरीचं मऊ अस्तर. पोटाला काहीच नाही. दोन्ही पंखांच्या मुळातून इलॅस्टिकच्या पट्ट्या, घट्टही नाहीत, ढिल्याही नाहीत. मागची कड तेलाच्या गाठीच्या अलीकडे गोल कापलेली. कडेला दुहेरी शिलाई.

ते घालून थोरली मागे मागे चालली, एका जागी गोल फिरली, अंग झाडलं. मग तिला समोर किडा दिसला आणि ती सगळं विसरून त्याच्यामागे धावली. साहेब सवयीने पाठीवर चढायला गेले आणि गुळगुळीत कापडावरून घसरून मातीत बसले. उठले, इकडेतिकडे पाहिलं, कुणी पाहिलं नाही ना अशा थाटात तुरा हलवला. सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

काकूंनी बाकीच्यांनाही झापडं शिवली. निळी, तपकिरी, एक तर टॅक्सीच्या सीटच्या पट्ट्यापट्ट्यांची. पडदा काढून टाकला. पोस्टमास्तर भिंतीपलीकडून म्हणाले, "दप्तरं लावून शाळेत घालताय वाटतं." काकू म्हणाल्या, "तुमच्या घरी नाही ना शिकवण्या लावल्या?" पण आतून त्यांना झोंबलं होतंच.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. हवा बदलली आणि एका सकाळी खुराड्याची जमीन पिसांनी भरून गेली होती, जणू कुणी उशी फाडली होती. कोंबड्यांच्या माना उघड्या, पोट उघडं, शेपट्या गळालेल्या. ज्यांच्या पाठीला धक्काही लागला नव्हता, त्याही अर्ध्या सोललेल्या. पोस्टमास्तर भिंतीपाशी आले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही, हे जास्त लागलं. ते हळूच म्हणाले, "कापडाने कोंडलं असेल हो अंग. उरलीसुरली पण गेली."

काकू आत आल्या, मशीनवर कापड टाकलं आणि पाटावर बसून राहिल्या. दुकानात एवढी वर्षं काढली, कधी कात्री चुकली नाही, आणि मुक्या जिवांवर हौस भागवायला गेले, असं त्यांच्या मनात येत राहिलं. सून कामावरून आली. तिने डॉक्टरला फोन लावला आणि काकूंच्या कानाला धरला.

"सगळ्यांची गळली का? मानेपासून सुरुवात?" डॉक्टरने विचारलं. "मग छान झालं, काकू. हेच व्हायला हवं होतं. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकते. मोडलेले दांडे आत राहिले होते, ते असेच बाहेर पडतात. ते पडल्याशिवाय नवीन पीस येतच नाही."

"म्हणजे कापडाने नाही?"

"कापडाने कातडी शाबूत राहिली. आता मात्र झापडं काढा. कोंब फुटतील ते रक्ताने भरलेले असतात, दुखतात. त्यांना हात लावू नका. आणि साहेबांना जाळीपलीकडे बसवा."

काकूंचा जीव भांड्यात पडला. झापडं काढली, धुतली, घडी करून ठेवली. साहेबांना अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाळीचं वेगळं घर मिळालं. तिथून ते दिवसभर तक्रार करायचे आणि काकू दाणे टाकताना त्यांना समजावायच्या, "तुझ्याच भल्याचं आहे." अंडी बंद झाली. लेकाने एकदा दुकानातून अंडी आणली, तर काकूंनी ती कोंबड्यांना दिसू नयेत म्हणून पिशवीत झाकून आत नेली.

मग कोंब आले. थोरलीच्या उघड्या पाठीवर साळिंदराच्या काट्यांसारखे उभे, निळसर. काट्यांची टोकं फुटली आणि आतून पीस उलगडलं. काकू रोज सकाळी चहा घेऊन खुराड्यापाशी बसायच्या आणि थंड झालेला चहा पिऊन उठायच्या. एका कोंबडीची शेपटी वाकडी आली, ती तशीच राहिली. बाकी साऱ्या जणी नव्या कोऱ्या. थोरलीची पाठ तर पूर्वी तपकिरी होती, आता तिच्यावर तांबूस चमक आली.

एका रविवारी सुनेच्या दवाखान्यातल्या बायका घरी आल्या. काकू स्वयंपाकघरात होत्या. अंगणातून सुनेचा आवाज आला, "नुसतं शिवून नाही झालं. तीन वेळा उसवलं, पक्ष्याचा पंख कुठून हलतो ते शिकून घेतलं. या वयात. तुमच्यापैकी कुणाच्या सासूबाईंनी केलंय असं?" एरवी सून काटकसरीने बोलणारी. कौतुक तर तोंडावर कधीच नाही. काकूंनी गॅस बारीक केला आणि ऐकत उभ्या राहिल्या, आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी कबूलही केलं असतं की त्या ऐकत होत्या.

साहेबांना परत सोडायच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तर फाटकातून आत आले. भिंतीवरून नव्हे, फाटकातून. काखेत त्यांची पांढरी कोंबडी होती, पाठ उघडी पडलेली. बराच वेळ ते हवापाण्याचं बोलले.

"तुमच्याकडे एखादं जुनं उरलं असेल तर," ते म्हणाले. "रंग कुठलाही चालेल."

"जुनं कशाला? तिच्या अंगाचं नाही होणार ते." काकूंनी कोंबडी स्वतःकडे घेतली आणि उजेडात धरून पिसं फुंकून पाहिली. "आणि आधी बघू दे, मोडलीत की गळलीत. उवा असतील तर कापड नाही चालायचं, खुराडं धुवावं लागेल. धुवाल?"

"धुवीन," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग पंख धरा जरा वर. असा नाही, मुळापाशी. दुखेल तिला."

पोस्टमास्तरांनी पंख धरला. काकूंनी गळ्यातला टेप काढला आणि माप घ्यायला वाकल्या.