वैवाहिक जीवन : ठीक

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत. एका दुपारी सहकाऱ्याची गाडी मागे येता येता तिला भिंतीशी दाबून गेली आणि ओटीपोटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. गाडीला ओरखडाही आला नाही, हे सांगायला सुपरवायझर दवाखान्यात जातीनं आला होता.

डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी आणि सहा स्क्रू लावले. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "वा! काय सुंदर जुळलंय!" घरीही एक्स-रेचं फार कौतुक झालं. बाईचं तेवढं झालं नाही. पण हाड सोडून बाईच्या आतलं काही इतकं स्वच्छ दिसत नव्हतं.

सहाव्या महिन्यात ती काठीशिवाय चालू लागली, आणि ती बरी झाली असं सर्वानुमते ठरलं. त्याच सुमारास एकदा नवरा जवळ आला. सुरी फिरावी तशी कळ उठली आणि ती किंचाळली. टाक्यांच्या डावीकडे, थेट खालपर्यंत, स्पर्शच कळत नव्हता. नवरा पेशानं सुतार, हातानं धीट. पण त्या दिवशी पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत मुलांशेजारी झोपू लागला. तिनं अर्थ काढला : याला माझी किळस आली. तिला तो परत हवा होता. हे मागायचं कुणाकडे, एवढाच प्रश्न होता.

जावेकडे एकदा विषय काढून पाहिला.

"दोन मुलं झाली की गं! आता काय नडलंय? जीव वाचला तो वाचला, वर आणि लाड कशाला?"

जाऊबाईंचं स्वतःचं ओटीपोट शाबूत असल्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता.

दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फॉर्म भरला जाई. चालणे, बसणे, जिना, लघवी, वैवाहिक जीवन. पहिले चार प्रश्न सिस्टर खणखणीत आवाजात विचारी. पाचव्याशी आली की तिची नजर खाली जाई, आवाज गायब होई आणि पेन आपोआप ‘ठीक’ लिही. सगळ्यांच्याच फॉर्मवर. त्या फायली वाचल्या असत्या तर मोडक्या हाडांच्या माणसांइतकी सुखी जोडपी जगात नाहीत, असंच कुणालाही वाटलं असतं. ड्रायव्हरबाईचं वैवाहिक जीवनही असं चार वेळा ठीक झालं. पहिल्या वेळी तर ती व्हीलचेअरमध्ये होती.

पाचव्या खेपेला बाहेर बसायला जागा नव्हती, म्हणून नवराही आत आला. सिस्टरचं पेन कागदाला टेकणार तोच ड्रायव्हरबाई म्हणाली, "थांबा. ते ठीक नाहीये."

"कुठलं?"

"पाचवं."

"अहो बाई, ते असंच भरायचं असतं. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"आजवर कुणाला विचारलंत?"

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "यांच्यासमोर?"

"मग कुणासमोर? वैवाहिक आहे ना ते?"

खोलीतल्या दोन प्लास्टरवाल्यांना भिंतीवरची लसीकरणाची माहिती एकाएकी फार वाचनीय वाटू लागली. डॉक्टरांनी मान वर केली.

"हाड तर उत्तम आहे तुमचं."

"हाडाची तक्रारच नाही, डॉक्टर. जवळ आलं की दुखतं. आणि डावीकडे काही कळत नाही."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"चार वेळा ठीक लिहून घेतलंत. कधी बोलू?"

डॉक्टर खाकरले. एक्स-रेवर पट्टी, स्क्रू सगळं नीट तपासलं आणि दोघांनाही समोरच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती तिथे तीन वर्षं बसत होती. फक्त या कामासाठी तिच्याकडे अजून कुणी आलं नव्हतं. एवढं सगळं ठीक असताना येणार तरी कोण?

फिजिओथेरपिस्टनं आडपडदा न ठेवता सांगितलं. नस ताणली गेली आहे. दुखेल या भीतीनं आतले स्नायू आवळून धरतात, म्हणून आणखी दुखतं. व्यायामानं ते सैल होतात. संवेदना हळूहळू येईल, कदाचित सगळी येणारही नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यानं चिमटीत माप धरलं. "मॅडम, ते स्क्रू केवढे आहेत?"

"का हो?"

"त्या वेळी ही ओरडली ना, मला वाटलं सांधा हलला. हललेल्या सांध्यावर भार दिला की भोक मोठं होतं. मग कुठलाच स्क्रू धरत नाही. म्हणून मी आपला लांब..."

ड्रायव्हरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "नऊ महिने तुम्ही स्क्रू सांभाळत होतात?"

"मग काय करू? माझ्या हातून मोडली असतीस तर?"

"मला वाटलं, तुम्हाला किळस आली माझी."

"काहीतरीच काय गं," तो म्हणाला.

"हाड केव्हाच जुळलंय," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "आता भार हाड घेतं. स्क्रू नुसते बसून आहेत."

"म्हणजे सरस वाळून फळ्या चिकटल्यावरही तसाच राहिलेला शिकंजा?"

"तसंच समजा."

सुतारानं सुस्कारा सोडला. नऊ महिन्यांत त्याला एक्स-रे सगळ्यांनी दाखवला होता; तो वाचून कुणीच दाखवला नव्हता.

पहिला व्यायाम तिथेच झाला. बाईनं आडवं होऊन सावकाश श्वास घ्यायचा, नवऱ्यानं पोटावर हात ठेवायचा, आणि ती थांबा म्हणाली की थांबायचं. त्यानं तळहात पँटला दोनदा पुसला.

"जास्त दाबतोय का?"

"अहो, अजून टेकवलाय कुठे?"

मग त्यानं टेकवला. डावीकडे तिला काही कळलं नाही. उजवीकडे त्याची खरखरीत बोटं एकेक करून कळली. ती थांबा म्हणाली नाही.