बाईंनी शिकवलेलं मागणं

रोझलिनबाई डिसोजा यांची माझी पहिली भेट त्यांच्या ओरडण्यानेच झाली. कुडाळच्या कॉलेजात त्या संगणक शिकवत. मी कुणकेश्वरहून आलेली, जन्मांध. जिना शोधत होते, तर एका वर्गमित्राने दंड धरून मला ओढतच नेलं. मागून बाई कडाडल्या, "ओढतंस कित्याक रे तिका? कोपर दी, ती धरतली!"

दिव्यांग आणि इतर विद्यार्थ्यांना एकत्र परदेशी अभ्यासदौऱ्यावर न्यायचं, हे बाईंचं वेड. बोलणारी तिकीटयंत्रं, पडदा वाचून दाखवणारे संगणक तिथे हाताळायचे आणि इथे येऊन कामाला लावायचे. "स्टेशनचा पूल चढताना ज्यांची दमछाक होते, ती पोरं जर्मनीत काय करणार?" असं लोक विचारत. बाई म्हणत, "म्हणूनच नेते."

दौऱ्यासाठी भरलेल्या माझ्या अर्जात प्रश्न होता, कोणकोणती सोय लागेल? मी ऐटीत लिहिलं, "काही नको." आपल्याकडे रीतच आहे. चहाला आधी नको म्हणायचं, मग घरच्यांनी आग्रह करायचा. जर्मनीत कोणी आग्रह केला नाही. कार्यशाळेत सगळ्यांपुढे छापील आकृत्या आणि मी दिवसभर हात मांडीवर ठेवून बसलेली. तीन आठवडे असेच फुकट जाणार, या विचाराने मला रडू फुटलं.

"बाई, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगूचंय नाय. हंय काय पावणी म्हणान इलंस? तुका व्हया ता तूच माग!"

बाई शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मागितलं. दुसऱ्या दिवशी बोटांना कळतील अशा उठावदार आकृत्या माझ्या टेबलावर होत्या. आज बँकांची ॲप अंधांना वापरता येतात का, हे तपासण्याची नोकरी मी करते. म्हणजे दिवसभर मागण्याच करत असते.

आता बाईंना पंचाहत्तर पूर्ण होताहेत आणि मला स्वस्थ बसवत नाही. सत्काराच्या व्यासपीठाला पाच उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही, आणि बाईंचा गुडघा कामातून गेलेला. पायऱ्यांवर उताराची फळी टाकू का, आणखी काय लागेल, म्हणून फोन केला.

"माका काय नको गो!"

मी भयंकर चिडले. त्यांच्याच अर्जातला तो प्रश्न मी त्यांना लिहून पाठवला, एकदा नाही, दोनदा. आठवडा गेला तरी उत्तर नाही. बाई पडल्या तर, या धास्तीने सत्कारासाठी लिहायला घेतलेला हा लेखसुद्धा धड पुरा होईना.

आज सकाळी उत्तर आलं. माझ्या फोनने ते अडखळत वाचलं, त्याला अजून मालवणी जमत नाही. "फळी व्हयी. आणि धरूक तुझा कोपर व्हया."

फळी सुताराला सांगितली आहे, बाई. कोपर तयार आहे. शंभरी गाठा, ठणठणीत राहा, आणि लागेल ते असंच मागत राहा.