मे महिन्यातलं ब्लँकेट

अमेरिकेत शॉमबर्गमधल्या एका चर्चच्या गोदामात मी दर शनिवारी परदेशातल्या मिशनऱ्यांसाठी खोकी भरायला जायचे. समोरच्या टेबलावर जालन्याकडचे एक काका असत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. साबण असो की बूट, खोक्याच्या तळाशी ते आधी लोकरी ब्लँकेट अंथरत आणि तळहाताने हळूच सुरकुत्या काढत.

आता सगळं तिकडेच मिळतं, म्हणून खोकी पाठवणारी ही संस्था बंद होणार होती. शेवटच्या शनिवारी त्यांचं खोकं फार जड झालं.

"काका, आफ्रिकेत एवढं ऊन! ब्लँकेट कॅन्सल करू या?"

"मॅनेजरबाई, हवं तर बूट काढा." ते हसले, मग ब्लँकेटवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात आई हिवतापाने कुडकुडत होती. मे महिना होता. अमेरिकेहून आलेलं ब्लँकेट एकच, ते शेजारच्या बाईवर होतं."

मी बूट काढले.

पुढच्या शनिवारी सवयीने गाडी तिकडेच वळली. दाराला कुलूप होतं. पायरीवर काका बसले होते, मांडीवर नवं ब्लँकेट घेऊन.

"हे आता कुठे पाठवायचं हो?"

मी त्यांना घरी सोडलं. बाहेर बर्फ पडत होता. ब्लँकेटची घडी त्यांनी वाटभर मोडली नाही.