गच्चीवरचे टोमॅटो आणि वहिनींचा शेरा

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेल्या सहा वर्षांत टोमॅटो किती निघाले ते विचारू नका. किस्से मात्र टोपलीभर निघाले. टोमॅटोला खत लागतं, पाणी लागतं, काठीचा आधार लागतो. किश्शाला काहीच लागत नाही. सकाळी चार माणसं गच्चीवर उभी राहिली, की संध्याकाळपर्यंत तो आपोआप धरतो. माझ्याकडे आल्यावर जरा जास्तच फुगतो, असं आमची ही म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

जुळे सोलापुरातली बारा फ्लॅटची बिल्डिंग. गच्चीवर कुंड्या, म्हणजे रंगाचे रिकामे डबे, मांडणारे आम्ही चौघे. हिरेमठ सर, गणित शिकवून रिटायर झालेले. शिनूअण्णा, भवानी पेठेत टॉवेल-चादरीचं दुकान. रफिकभाई, एसी दुरुस्त करतात. आणि मी, एका कॉलेजच्या ऑफिसात, म्हणजे वेळच वेळ.

आम्हा तिघांना टोमॅटो हवे होते. सरांना हवा होता एक शब्द.

हिरेमठ वहिनींचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाला टेकलेलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सरांनी आणलेल्या प्रत्येक टोमॅटोला वहिनींनी ‘आमच्याकडची आंबटी नाही की हो ह्याला’ म्हणून नापास केलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना पास-नापास करणाऱ्या माणसाच्या घरात ही परिस्थिती! रिटायर झाल्या दिवशीच सरांनी ठरवलं, की ती जात शोधायची, स्वतःच्या हातानं पिकवायची आणि वहिनींच्या तोंडून एकदा ‘चांगला आहे’ म्हणवून घ्यायचं.

आम्ही त्यांच्या मागे लागलो. म्हणजे मदतीला.

*

पहिल्या वर्षी शिनूअण्णांनी आपल्या डब्यांसाठी बियाणं निवडलं, मोबाइलवर. टॉवेलचा काठ निवडतात तशी त्यांनी जात निवडली: कुठल्या रंगाला कुठला रंग उठून दिसेल. लाल तर सगळेच लावतात म्हणून त्यांनी काळे टोमॅटो मागवले. पाकिटावरचा फोटो इतका झकास होता, की तो त्यांनी दुकानात गल्ल्यामागे लावून टाकला.

टोमॅटो आले. खरोखर काळे आले. अण्णांनी पहिली पाटी भरून किचनच्या ओट्यावर ठेवली आणि दुकानाला गेले. त्यांच्या मिसेसनी पाटी पाहिली, तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या आणि सगळा माल घंटागाडीत टाकला. कुजलेलं घरात ठेवत नाहीत त्या.

दुसऱ्या दिवशी घंटागाडीवाला खाली थांबून हाका मारतोय. अण्णा वाकून बघतात तर तो म्हणतो, “शेठ, कालचं काळं टमाटं लई ग्वाड निगालं की. आनकी हायती का?”

आमच्या गच्चीला मिळालेली ती पहिली दाद. सर दोन दिवस नाराज होते. दाद आली, पण चुकीच्या घरून आली, असं त्यांचं म्हणणं.

*

रफिकभाईंनी चेरी टोमॅटो लावले. चारी डब्यांत झुपके लगडले. कुंड्यांपुढे उभं राहून त्यांनी एवढे फोटो काढले, की एसीवाली गिऱ्हाइकंही त्यांना रोपं मागायला लागली.

त्यांच्या अम्मींनी सालनासाठी, म्हणजे रश्श्यासाठी, अर्धा किलो मागितले. रफिकभाई गच्ची साफ करून ताट घेऊन खाली गेले. अम्मींनी ताटाकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं.

“टमाटे लातूं बोल्या था ना रे? ये तो गोटियाँ हैं.”

पण अन्न टाकायचं नाही ही त्या घरची शिस्त. अम्मी सुरी घेऊन बसल्या. एकेक गोटी धरून चार-चार फोडी करायच्या. दुपारच्या नमाजानंतर बसलेल्या अम्मी पुढच्या नमाजाला उठल्या तेव्हा निम्मं ताट शिल्लक होतं. सालन झालं कधी ते मला माहीत नाही. पण पुढच्या हंगामात रफिकभाई बियाण्याच्या दुकानात गेले ते अम्मींच्या हातची एक बांगडी खिशात घेऊन. दुकानदार नातेपुत्याकडचा. बांगडी काउंटरवर ठेवून रफिकभाई म्हणाले, ह्याच्यातून जाता कामा नये असं फळ द्या.

दुकानदारानं बांगडी उचलून उजेडात धरली, परत ठेवली. “बी बगून फळ केवडं यील ते सांगाया मी काय जोतिषी हाय व्हय?”

*

आता माझं. मी वेलीची जात निवडली. पाकिटावर लिहिलं होतं सहा फूट. सोलापूरच्या उन्हाला बहुतेक पाकीट वाचता येत नसावं. वेल काठीवर चढली, काठीवरून टाकीवर, टाकीवरून डिशच्या पाइपवर. मी रोज तिला खालून हात जोडायचो. दिवाळीच्या सुमारास ती पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीत उतरली. आठ फुटांची गल्ली आहे मध्ये. खोटं वाटत असेल तर गल्ली मोजा. वेल आता नाही.

आमच्या बाजूला पानं. फळं सगळी तिकडे.

एका रविवारी तिकडचे देशपांडे पिशवी घेऊन दारात. म्हणाले, “यंदा आमच्या गच्चीत टोमॅटो फार आलेत. लावलेही नव्हते. म्हटलं शेजारी जरा चव बघतील.”

मी काही बोलणार तोवर हिनं पिशवी घेतली, एक टोमॅटो चिरला, मीठ लावून खाल्ला आणि माझ्याकडे वळली. “बघा. न लावता एवढे येतात लोकांना. तुम्ही रोज दोन बादल्या पाणी घालता.”

चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात दोन बादल्या हा शब्द कसा उच्चारायचा, ते हिच्याकडून शिकावं.

*

सरांचं मात्र सगळं पद्धतशीर. त्यांनी वही केली. प्रत्येक डब्याला नंबर, ऑइलपेंटनं. प्रत्येक जातीला शंभरपैकी मार्क: आकार दहा, रंग दहा, साल दहा, रस वीस, आंबटी पन्नास. शेवटचा रकाना होता ‘घरचा शेरा’. तो वहिनींचा. हंगामाचा पहिला टोमॅटो सर धुऊन, पुसून, स्टीलच्या ताटलीत ठेवून वहिनींपुढे नेत आणि त्या जे म्हणतील ते शब्द न् शब्द वहीत उतरवत.

मी ती वही वाचली आहे. पहिलं वर्ष: ‘बाजारचा दिसतो’. दुसरं: ‘साल आहे का पायताण?’ तिसरं: ‘नुसतं पाणी’. चौथ्या वर्षी सरांनी रोपं उशिरा लावली, ऊन चढलं, एकही फूल टिकलं नाही. त्या रकान्यात ‘बरं झालं’ असं लिहिलेलं आहे.

पाचव्या वर्षी सर धावत गच्चीवर आले. हातात पेढे. वहिनी ‘हं’ म्हणाल्या होत्या! टोमॅटो तोंडात टाकला आणि मान हलवून ‘हं’! आम्ही पेढे खाल्ले. अण्णांनी सरांच्या खांद्यावर नवा टॉवेल घातला. त्या जातीला सरांनी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले होते, दोन मार्क हस्ताक्षराचे कापावेत तसे सवयीनं कापून.

संध्याकाळी कळलं, की वहिनींच्या कानाला तेव्हा फोन होता. ‘हं’ त्यांच्या बहिणीला होतं.

पेढे संपले होते. वहीत मात्र सरांनी तो शेरा प्रामाणिकपणे खोडला.

*

मग सर थेट मुळावर गेले. गेल्या उन्हाळ्यात, वहिनींना अक्कलकोटला दर्शनाला जातो सांगून ते गाडी काढून सासुरवाडीला पोचले. मेव्हण्यानं पाहुणचार केला. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि टोमॅटोचं सार. सरांनी साराचा घोट घेतला आणि डोळे मिटले. हीच ती आंबटी. अडतीस वर्षं शोधत होतो ती.

त्यांनी वहीच काढली आणि जात विचारली.

मेव्हणा ओशाळला. इकडं टोमॅटो आता कोण लावतंय, सगळीकडं ऊस, म्हणाला. हे टोमॅटो टेम्पोनं येतात.

“कुठनं?”

“तुमच्या सोलापूरच्या मार्केटातनं की, भावजी.”

म्हणजे वहिनी दर वर्षी माहेराहून आल्या, की महिनाभर ज्या टोमॅटोचं कौतुक करायच्या, ते सोलापूरहून तिकडे गेलेले. हे सरांनी आम्हा तिघांनाच सांगितलं. वहिनींना सांगणार का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “काही गणितं सोडवायची नसतात.”

पण सर रिकाम्या हातानं परतले नव्हते. निघता निघता वहिनींच्या म्हाताऱ्या चुलतीनं त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. पूर्वी घरचं बी राखेत चोळायचे, शेणात कालवून त्याचा गोळा चुलीजवळच्या भिंतीला थापायचे, की कीड लागत नाही. दोन सालांमागे उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या एका झाडाचं बी म्हातारीनं असंच थापून ठेवलेलं. ते वाळून भिंतीशी इतकं एकजीव झालेलं, की निघेना. सरांनी उलथनं मागितलं. गोळा निघाला, आणि त्याबरोबर सासऱ्यांची ताटलीएवढी भिंतही निघाली. सर ती डब्यात घालून घेऊन आले.

*

अकरा बियांपैकी दोन उगवल्या. एक माकडानं नेली. उरलेलं रोप डबा क्रमांक एकमध्ये. सरांनी त्याला सावली केली, राख टाकली, पाणी आलं की पहिला तांब्या त्याला. फळं धरली ती वाकडी, खाचा पडलेली, बुटकी. शिनूअण्णा म्हणाले, असा नग दुकानात आला असता तर मी परत पाठवला असता.

त्याच आठवड्यात सरांनी घराला नवा रंग दिला होता. मोत्याच्या रंगाचं किचन, धुता येणारा महागातला रंग. सर त्या रंगाला इतके जपत, की कॅलेंडरला खिळा मारू देत नव्हते. आम्हाला सुद्धा भिंतीपासून हातभर लांब उभं करत.

पहिला टोमॅटो पिकला तेव्हा आम्ही तिघंही हजर. ताटली. टोमॅटो. सरांच्या हातात वही. वहिनींचा फोन रफिकभाईंनी आधीच बंद करून खिशात ठेवलेला.

वहिनींनी टोमॅटो हातात घेऊन उलटा केला. वास घेतला. विळीवर अर्धा केला आणि एक फोड तोंडात टाकली. चावल्या. थांबल्या. दुसरी फोड खाल्ली. तिसरी खाल्ली. सरांना ‘घ्या’ म्हणून कुणी विचारलंच नाही.

उरलेला अर्धा टोमॅटो त्यांनी वाटीत पिळला. बी बाजूला केलं. देवघरातून उदबत्तीची राख आणली, तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली, पाण्याच्या थेंबांत सगळं मळलं. मग गॅसशेजारच्या कोऱ्या, मोत्याच्या रंगाच्या भिंतीवर तो काळा गोळा थाप दिशी मारला आणि अंगठ्यानं चारी बाजूंनी दाबला.

राखेचा एक ओघळ भिंतीवरून ओट्यापर्यंत आला. शिनूअण्णांच्या तोंडून ‘कलर’ एवढंच निघालं.

वहिनींनी हात धुतला. “पाणी जास्त घातलंत ह्याला,” त्या सरांना म्हणाल्या. “बी धरलंय. पुढल्या वर्षी तरी नीट लावा की.”

आणि आत गेल्या.

वहीतला शेवटचा रकाना रिकामाच होता. सरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग खिशातलं पेन काढलं, भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले, आणि त्या गोळ्याखाली, नव्या रंगावर, फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरात लिहिलं: क्रमांक एक.